मेढीला कान नसतात

गोजरबाईचे मांडे आहेत म्हटलं की सुलतानपूरची माणसं आधी हात धुवायची आणि मग विचारायची, लग्न कोणाकडे आहे?

मांडा म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. बन्सी गव्हाचं पीठ तलम लुगड्यातून चाळायचं, भिजवून आपटून आपटून तिंबायचं, त्यात पुरण भरायचं आणि मग तो गोळा दोन्ही हातांवर घेऊन खेळवायचा. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. कोपराला टेकला की चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं खापर असतं, त्यावर एका झोक्यात टाकायचा. हात चुकला की मांडा फाटला, आणि मांडा फाटला की व्याह्यांत नाक कापलं गेलं! गोजरबाईचा मांडा बासष्टाव्या वर्षीही फाटत नव्हता. त्यातून पलीकडचं माणूस ओळखू यायचं, असं तिची शेजारीण अन्नपूर्णाबाई सांगायची. अन्नपूर्णाबाईला थोडं वाढवून सांगायची सवय होती, पण मांड्यांच्या बाबतीत तिला कोणी खोटं पाडलं नाही.

गोजरबाई खामगावकडची. इंग्रजांनी वऱ्हाड नागपूरच्या कारभाराला जोडलं त्याच्याही आधी, अकरा वर्षांची असताना ती या घरात सून म्हणून आली. मांडे सासूकडून शिकली, सासूचे रट्टे खात खात. नवरा अर्जुनराव मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. मागे एक मुलगा, रामराव. त्याची बायको तानुबाई, त्यांची मुलगी कोकिळा. आणि अर्जुनरावाचा थोरला भाऊ उत्तमराव, वय त्र्याहत्तर, बायको कधीच वारलेली, पोरबाळ नाही. घरात सगळे त्यांना मोठेबाबा म्हणत.

आता इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उत्तमराव गोजरबाईचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्याची मर्यादा मोठी कडक. त्याच्यासमोर डोकं उघडं ठेवायचं नाही. तो आला की पदर ओढून पाठ फिरवायची. त्याच्याशी बोलायचं नाही, त्यानंही बोलायचं नाही. अंगाला अंग लागणं तर दूरच, सावलीवर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. हे असं एका घरात, एका अंगणात, एका चुलीवरचं खात पन्नास वर्षं चाललं होतं.

मग कामाचं बोलायचं कसं? तर त्यावर उत्तमरावांनी तोड काढली होती. छपरीत एक मेढ होती, छपराला टेकू दिलेला सागाचा खांब. घरात दुसरं कोणी नसलं की उत्तमराव त्या मेढीशी बोलत.

"मेढीबाई, भूक लागली म्हना."

आतून गोजरबाई मेढीलाच उत्तर द्यायची, "मेढी, सांग, पिठलं चुलीवर हाये, घटकाभर दम धरा म्हना."

"मेढीबाई, काल ताक लई आंबट व्हतं."

"मेढी, सांग, ज्याले आंबट लागते त्यानं सकाळी लवकर यावं म्हना!"

गावातली टवाळ माणसं म्हणायची, उत्तमरावाच्या मेढीले पान-सुपारी द्या रे, बोलून बोलून तिचा घसा सुकला असन. हसायची सगळी. पण मर्यादा सांभाळून माया करायची ती रीतच होती, आणि त्या मेढीवर माया खूप साचली होती. अर्जुनराव गेला त्या दिवशी उत्तमराव मेढीला म्हणाले होते, "तिले सांग, मी हाये म्हना." आणि त्यांनी ते अठरा वर्षं निभावलं.

तर ती होळीची सकाळ. कोकिळेचं लग्न वैशाखात ठरलेलं, म्हणजे घरातली तिची ही शेवटची होळी. गोजरबाई छपरीपुढच्या चुलीवर मांडे करत होती. तानुबाई आडावर गेलेली, कोकिळा आत पाट्यावर पुरण वाटत बसलेली. रामराव गावात. बाहेर पोरांनी डफडं असं बडवायला घेतलं होतं की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येईना.

गोजरबाईच्या डाव्या डोळ्यावर वर्षभरापासून पडदा आला होता. तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय, लोक चुलीपासून उठवतील! चुलीचं तोंड तिच्याकडे, जाळ तिच्या गुडघ्यापाशी जिभा काढतोय, आणि ही बाई एका डोळ्यानं मांडे टाकतेय. म्हणायचं काय अशा हट्टाला? पन्नास वर्षं जाळाशी बसलेल्या माणसाला वाटतं, जाळ आपल्या घरचाच आहे. तो कोणाच्या घरचा नसतो.

खळ्यावर गव्हाची राखण करून उत्तमराव घरी आले. खांद्यावर घोंगडी. दाराशी ते नेहमीप्रमाणे खाकरले. डफड्यात ते कोणाला ऐकू जाणार! गोजरबाईने मान वर केली तो भासरा समोर उभा.

तिच्या डाव्या हातावर मांडा पसरलेला. उजवा हात मात्र आपसूक वर गेला. पन्नास वर्षांची सवय ती, डोक्याला विचारून थोडीच हालते? तिने पदर ओढला आणि वळून पाठ केली. त्या ओढाताणीत पदराचा सुटलेला शेव डाव्या अंगानं घसरला तो थेट चुलीच्या तोंडात. तिच्या दिसेनाशा बाजूला. तिला पत्ताच नाही!

उत्तमरावांना दिसलं. जुनं सुती लुगडं, भर्रकन पेटलं. आणि उत्तमराव ओरडले. काय ओरडले ठाऊक आहे?

"अवो, सांगा तिले! पदर पेटला म्हना! सांगा वो कोनी!"

कोणाला सांगत होते? छपरीत कोणी नव्हतं. ते मेढीकडे तोंड करून ओरडत होते.

एक श्वास गेला. दुसरा गेला. तेवढ्यात चटका बसला आणि गोजरबाईला कळलं. ती उठली आणि पळाली. पळू नये, पेटलेल्या माणसानं पळू नये, वाऱ्यानं जाळ फुलतो, हे दुसऱ्यांना तिनेच शंभरदा सांगितलं होतं. तरी पळाली. बरं, पळाली ती रांजणाकडे नाही. रांजणाच्या वाटेवर भासरा उभा होता ना! ती उलट्या बाजूला, छपरीतल्या कडब्याच्या ढिगाकडे पळाली.

तेव्हा मात्र उत्तमराव धावले. त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पण खांद्यावरची घोंगडी त्यांनी तिच्यावर अशी टाकली की ती डोक्याखाली सगळी झाकली गेली. तिला धरून जमिनीवर पाडलं, लोळवलं, वरून हातांनी थापटून थापटून जाळ मारला. ज्या बाईच्या सावलीवर पन्नास वर्षं पाय दिला नाही, तिला दोन्ही हातांनी धरून. कोकिळा पुरणाच्या हातांनी बाहेर आली तेव्हा घोंगडीतून धूर निघत होता आणि मोठेबाबा पुटपुटत होते, "सांगा तिले, विझलं म्हना. विझलं सारं."

डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत पोळला होता, खांद्यालाही झळ बसली होती. कोकिळा धीराची पोट्टी. तिने हातातला चांदीचा गोठ आधी काढला, नंतर मनगट असं सुजलं की तो कापावाच लागला असता. मग आजीला रांजणापाशी बसवून तांब्यानं पाणी ओतायला घेतलं. तोवर अन्नपूर्णाबाई तुपाची वाटी आणि पोराच्या शाळेची दौत घेऊन धावत आलेली.

"पानी नोको टाकू वं पोरी! पान्यानं फोड येते. तूप लाव, वरून शाई लाव."

गोजरबाई दात खाऊन म्हणाली, "फोड येऊ दे! आंग माह्यं हाये. पानी पडलं की जीव थंडा होते. ओत तू, कोकिळे, मी बस म्हनत नाही तवर ओत."

अर्धा रांजण रिता झाला. मग धुतलेल्या धोतराचं ओलं फडकं वरून हलकं टाकून तिला बैलांच्या दमणीत घातलं आणि मेहकरच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तिरसट, पण हाताला गुण. त्यांनी हात पाहिला आणि विचारलं, "पाणी कोणी घातलं?"

"नातीनं," तानुबाई म्हणाली.

"शेण, शाई, तूप काही लावलं नाही? नशीब! निम्मे लोक माझ्याकडे हात आणत नाहीत, स्वयंपाक आणतात. आणि विझवलं कोणी?"

गोजरबाईनं पदर पुढे ओढला. भासऱ्याचं नाव कसं घेणार? तानुबाईच म्हणाली, "मोठ्याबाबानं. घोंगडी टाकून लोळवलं."

"त्या दोघांमुळे बाई जिवंत आहे, हे घरी सांगा," डॉक्टर म्हणाले. "आणि बाई, ऐका. म्हातारं कातडं जुन्या धोतरासारखं असतं. लवकर फाटतं आणि सांधायला वेळ खातं. तरण्या बाईचा हात पंधरा दिवसांत बरा झाला असता, तुमचा दीड-दोन महिने घेईल. यापुढे जाळाशी एकटं बसायचं नाही. आणि हा डोळा कधीपासून गेलाय?"

झालं! डोळ्याचंही बिंग फुटलं.

घरी आल्यावर रामरावानं निकाल देऊन टाकला. वाईट मुलगा नव्हता तो, आईवर जीव होता, म्हणूनच घाबरला होता. "आई, आता चूल बस झाली. लग्नाले मी मेहकरचा आचारी सांगतो. बुंदी पाडीन तो."

"बुंदी?" गोजरबाई बाजेवर उठून बसली. "माह्या नातीच्या लग्नात बुंदी?"

"तुह्या जिवापेक्षा मांडे मोठे हायेत का?"

खरं उत्तर 'हो' असं होतं आणि ते मुलाला सांगता येत नव्हतं. गावातल्या दोनशे लग्नांत तिने मांडे केले. पाटलाच्या केले, चांभाराच्या अंगणात जाऊन केले, फुकट केले, तापात केले. आणि ज्या पोरीला तिने मांडीवर वाढवलं तिच्या मांडवात परका आचारी बुंदी पाडणार, आणि ही खाटेवर बसून बघणार! तिला त्या हातापेक्षा हे जास्त जळत होतं. ती भिंतीकडे तोंड करून रडली, कोणाला दिसू नये म्हणून.

पण खोटं कशाला बोला, तिला भीतीही बसली होती. चूल पेटली की ती अंग चोरून भिंतीकडून जायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, तिची तर तवा ठेवल्याच्या आवाजानंही पाठ आखडायची. मांडे करायचे तर होते, पण जाळापुढे बसवेल का हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

आणि उत्तमराव? ते घरी यायचेच बंद झाले. खळं उरकलं, गहू घरी आला, तरी म्हातारा शेतातच. भाकर तिकडेच मागवायचा. सुरुवातीला घरच्यांना वाटलं, हाताला त्यांच्याही फोड आलेत, दुखत असेल. मग वाटलं, रागावलेत. पंधरा दिवस झाले. चैत्र लागला. मेढीशी कोणी बोलेना.

एक दिवस कोकिळा भाकर घेऊन गेली आणि आंब्याखाली त्यांच्यासमोर बसकण मारून बसली.

"मोठेबाबा, घरी काऊन येत नाही तुमी? आज सांगा, नाहीतर मी उठत नाही अथून."

उत्तमरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, परत ठेवला. "पोरी, मी आधी पाह्यलं व्हतं. तिले कळाच्या आधी मले दिसलं. आन मी काय केलं? मी मेढीले सांगत बसलो." त्यांनी भाकर बाजूला सारली. "लाकडाले कान असतात का वं? दोन पावलांवर व्हती ते. एक हाक मारली असती, 'गोजरबाई, पदर!' म्हनून, तर हात वाचला असता तिचा. माह्या तोंडातून नावच निघालं नाही. आता कोन्या तोंडानं त्या मेढीपाशी उभा राहू?"

कोकिळेनं घरी येऊन हे जसंच्या तसं आजीला सांगितलं. गोजरबाई आधी हसली. मेढीला सांगत बसले हे तिला त्या धांदलीत कळलंच नव्हतं. हसता हसता डोळ्यांना पदर लावला तो बराच वेळ काढला नाही.

"पोरी, त्यायले वाटते चूक त्यायची," ती शेवटी म्हणाली. "आन मी? पदराले हात कोनी घातला? जाळ सोडून मी पळाली कोनापासून? जाळापासून नाही वं, त्यायच्यापासून पळाली मी! पान्याचा रांजण तथी व्हता, ते तथी व्हते म्हनून मी कडब्याकडं पळाली. मरत मरत बी मर्यादा सांभाळत व्हती. कोनाले काय फायदा झाला?"

"मंग आजी, वावरात निंदाले जाता तवा पदर कंबरेले खोचता का नाही?"

"हाव, खोचाच लागते."

"तवा मोठेबाबा बांधावरून जातात का नाही?"

"जातात की."

"तवा तुमची मर्यादा कुठी जाते?"

गोजरबाईनं कपाळावर हात मारला. पन्नास वर्षांत तिला हे सुचलं नव्हतं. वावरात तण काढताना पदर आड येतो म्हणून खोचलेला चालतो, आणि जिथे पदर जीव घेतो तिथे मात्र डोक्यावरून सोडायचा! कोणी केली ही रीत? ज्यानं केली तो चुलीपाशी बसला नसणार, एवढं नक्की.

"जाय," ती म्हणाली, "मोठ्याबाबाले सांग. कोकिळेच्या लग्नाचे मांडे मी करनार हाये. पदर खोचून करनार हाये. त्यायले चालत असन तर त्यायनं रामरावाले सांगावं. नसन चालत तर बुंदी खावावी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव अंगणात हजर. खाकरले, दोनदा. गोजरबाई आत बाजेवर. त्यांनी मेढीकडे पाहिलं नाही, रामरावाकडे पाहून घरभर ऐकू जाईल असं बोलले.

"रामराव, लग्नाचे मांडे तुही आई करीन. आन आजपासून या घरात एक कायदा. चुलीपुढं बसलेल्या बाईनं कोनी बी येवो, भासरा येवो, सासरा येवो, नागपूरचा लाटसाहेब येवो, पदराले हात लावाचा नाही. पदर खोचलेलाच पाहिजे. ज्याले पाहावत नाही त्यानं डोळे मिटावे."

"पन मोठेबाबा, पुन्हा काही झालं तर?"

"त्याची तजवीज मी करतो."

आणि काय केलं असेल? चूल घालायला बसले! चूल घालणं म्हणजे बायकांचं काम. पुरुषानं ओल्या मातीत हात घातला तो गणपती करायला नाहीतर भिंत लिंपायला, चूल घालायला नाही. गाव बघायला लोटलं. उत्तमराव घोड्याच्या लिदीत माती कालवून मळत होते. "काय बुढ्या, घरी सून आनली का नवी?" असं कोणीतरी म्हणालं. "हाव, तुह्या मायले इचार," असं उत्तर मिळालं.

पण चूल मात्र अशी घातली की पुढे शेजारपाजारच्यांनी तिची नक्कल केली. जाळाचं तोंड मांडे करणारीकडे नाही, तर बाजूला वळवलेलं. सरपण सारणारी तिथे वेगळी बसणार. मांडे करणारी आणि जाळ यांच्यामध्ये मांडीएवढी मातीची भिंत. खापर थोडं उंचावर, म्हणजे वाकायला नको. छपरीतला सगळा कडबा उचलून गोठ्यामागे. आणि मांडे करणारीच्या डाव्या हाताला, ज्या बाजूचा डोळा अधू त्या बाजूला, पाण्याने भरलेली मोठी घागर. मांडा उचलायला गावच्या लोहाराकडून हातभर दांड्याचं उलथणं करून आणलं.

गोजरबाई आतून सगळं ऐकत होती. मातीचा थापथाप आवाज. उत्तमराव मध्येच थांबत, आणि मेढीला नव्हे, कोकिळेला म्हणत, "इचार तिले, भित उंच झाली का? हात पोचतो का?" गोजरबाई सांगायची, "बोटभर कमी करा म्हना." मग पुन्हा थापथाप.

हात वैशाखाच्या तोंडाशी बरा झाला. नवी कातडी गुलाबी, तुकतुकीत, जरा ओढायची. पण खरी अडचण हात नव्हती, सवय होती. जित्याची खोड काय अशी जाते? पहिल्या दिवशी नुसती कणीक हातावर घेऊन चुलीपुढे बसली, जाळ न पेटवता. पदर कंबरेला घट्ट खोचलेला. कोकिळा मागून हळूच आली आणि मोठ्याबाबांसारखी खाकरली. गोजरबाईचा हात सपकन डोक्यावर! मांडा मातीत.

"पोट्टे!" आजी ओरडली. "जीव घेतं का?"

"आजी, पुन्हा."

मग तो खेळच झाला. भाकरी थापताना, वाती वळताना, तांदूळ निवडताना, कोकिळा कुठूनही खाकरायची. तानुबाई खाकरायची. अन्नपूर्णाबाईसुद्धा कुंपणावरून खाकरायची, तिला उगाच गंमत. आठ दिवस हात वर जात राहिला. नवव्या दिवशी अर्ध्यावर थांबला. बाराव्या दिवशी नुसती बोटं हलली. मग जाळ पेटवला. पहिला जाळ भडकला तशी ती मागे सरकली, तेव्हा तानुबाईनं न सांगता मागून पाठीला हात लावून ठेवला. गोजरबाई म्हणाली, "राहू दे हात तथी." आणि पहिला मांडा टाकला. तो फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्यातून मात्र पलीकडची अन्नपूर्णाबाई दिसली, आणि या वेळी ती वाढवून सांगत नव्हती.

लग्नाच्या दिवशी दोन चुली पेटल्या. एकीवर गोजरबाई, दुसरीवर तिने शिकवलेली तानुबाई. सरपण सारायला शेजारणी, घागरी भरलेल्या, दोघींचे पदर खोचलेले, बाह्या वर. मांडवात व्याही, विहिणी, पाहुणे. कोकिळेच्या सासरची एक म्हातारी नाक मुरडून कुजबुजली, "एवढ्या पुरुषांत डोक्यावर पदर नाही!" तानुबाईनं गोड हसून सांगितलं, "आमच्या घरचा कायदा हाये, मामी. मोठ्याबाबाचा."

आणि तेवढ्यात मोठेबाबाच आले. दाराशी खाकरले, चांगले मोठ्यानं, तीनदा. सगळ्या बायकांच्या माना वळल्या. आता? गोजरबाईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मांडा पसरलेला. समोर भासरा. उघड्या डोक्यावर पांढरे केस. मांड्याला बारीकशी लाट आली, तेवढीच. हात जागचे हलले नाहीत. तिने पाठही फिरवली नाही. मांडा एका झोक्यात खापरावर टाकला.

उत्तमराव छपरीत आले. सवयीनं मेढीकडे तोंड केलं, ओठ उघडले. मग मिटले. मेढीच्या लाकडावर त्यांनी हात ठेवला, क्षणभर तसाच. आणि वळले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांनी धाकट्या भावाच्या बायकोकडे सरळ पाहिलं.

"गोजरबाई," ते म्हणाले, "मले एक मांडा दे वं."

रामराव हातातली पत्रावळ तशीच धरून उभा राहिला. गोजरबाईने लांब दांड्याच्या उलथण्यानं मांडा उचलला, घडी घातली, आणि वाफाळता तो केळीच्या पानावर ठेवला. उत्तमरावांनी होळीला पोळलेले ते दोन्ही हात पुढे केले. तिने पान मागे घेतलं. तिचे डोळे भरून आले होते, अधूही आणि चांगलाही, पण आवाज ठणठणीत होता.

"थांबा, मोठेबाबा," ती म्हणाली. "गरम हाये. हात पोळन तुमचा."

आणि उत्तमराव थांबले. लहान पोरासारखे हात पुढे करून, मांडा निवेपर्यंत, सगळ्या मांडवासमोर तिच्याजवळ उभे राहिले.